बरबट्टीच्या बारा काठ्या

आमच्या घरामागे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद एवढीच मोकळी जमीन आहे. एका टोकाला कपडे धुण्याचा दगड, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांची भिंत. घर बांधताना उरलेला मुरूम आणि फुटक्या विटा तिथेच पसरून दिलेल्या होत्या. लग्न होऊन मी रायपूरला आले तेव्हापासून त्या जागेत गवताशिवाय काही उगवलेलं मी पाहिलं नव्हतं. तिथे माझ्या सासऱ्यांनी बरबट्टी लावली, आणि तीही त्यांची नजर जवळजवळ संपल्यावर.

बरबट्टी म्हणजे चवळीची हातभर लांब, बारीक, हिरवी शेंग. महाराष्ट्रातले नातेवाईक तिला चवळीच्या शेंगा म्हणतात. आम्ही इथे राहून राहून बरबट्टीच म्हणतो.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी रेल्वेत सिग्नलच्या कामावर लागले आणि बदल्या होत होत रायपूरला येऊन थांबले. त्या काळी सिग्नलचे हात तारेनं ओढून वर-खाली करत. ती तार केबिनपासून सिग्नलपर्यंत रुळाच्या कडेनं लांबच लांब गेलेली असायची, आणि उन्हानं तापली की सैल पडायची. तिचा ताण सांभाळणं हे बाबांचं काम. पायी चालत, तारेला हात लावत त्यांनी नोकरीची कितीतरी वर्षं काढली. पुढे यंत्रं बदलली, तारा गेल्या, बाबाही निवृत्त झाले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. म्हणजे घरात आम्ही चौघं: बाबा, माझा नवरा, मी आणि तेव्हा नववीत असलेली आमची मुलगी.

बाबांना काचबिंदू होता, आणि तो उशिरा कळला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालत राहिलात तर उरलेली काही वर्षं टिकेल. उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात नळीतून बघावं एवढं दिसायचं, मग तेही धूसर झालं आणि उजेड-सावली तेवढी उरली. नळीएवढं दिसत होतं तोवर ते एकटे बाहेर पडायचे. एकदा घड्याळाचा पट्टा बदलायला सदर बाजारात गेले. उजव्या बाजूनं आलेली मोटरसायकल त्यांना दिसली नाही. हँडल लागून ते पडले. भुवईवर टाके पडले, ते आठ दिवसांत भरले. पण त्या दिवसानंतर बाबांनी उंबरठा ओलांडला नाही.

वर्षभर ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. आंघोळ, जेवण, रेडिओ. मी ऑफिसला निघताना थेंब घालायची, आल्यावर पुन्हा घालायची. ते कधी चिडले नाहीत, तक्रार केली नाही. मला वाटायचं, त्यांनी चिडावं तरी.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी, मी स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना, ते भिंतीला हात लावत दारात आले.

"बाई, मले काही काम दे. बसून बसून हाडं गंजून राहिली."

मी बरबट्टीची जुडी त्यांच्यापुढे ठेवली. ते खाली बसले आणि शेंगा मोडू लागले. इतकं सारखं मोडत होते की मी बघत राहिले, प्रत्येक तुकडा बोटाच्या दोन पेरांएवढा. जुडीत एक शेंग जून निघाली, वाळायला आलेली. ती त्यांनी कानाजवळ नेऊन हलवली आणि बाजूला ठेवली.

आमच्या गल्लीत खारून नदीपलीकडच्या गावातून एक भाजीवाली यायची, अजूनही येते. ऑटोनं चौकापर्यंत, तिथून डोक्यावर टोपली घेऊन घरोघर. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. मी तिला दीदी म्हणते, ती बाबांना बाबूजी. दुसऱ्या दिवशी तिची हाक आल्याबरोबर बाबा दारात जाऊन उभे राहिले.

"ह्या शेंगेचं बी लावलं तर लागन का?"

तिनं शेंग हातात घेऊन बघितली. "लागही बाबूजी, फेर बने नई लागय. मैं घर के बिजहा लान देहूं."

लागेल, पण चांगलं लागणार नाही, मी घरचं बियाणं आणून देते, असं ती म्हणाली. आणि खरोखरच दोन दिवसांनी पदराच्या गाठीतून मूठभर बी सोडून तिनं बाबांच्या ओंजळीत टाकलं.

त्या दिवसापासून बाबा मागच्या दारी गेले ते गेलेच. बसायला पाट घेतला, हातात खुरपं, आणि जमिनीतले दगड वेचायला लागले. हाताला लागेल तो दगड उचलायचा, भिंतीशी ठेवायचा, पाट वीतभर पुढे सरकवायचा. हातांना फोड आले. माझ्या नवऱ्याला ते बघवेना.

"बाबा, काहून करून राहिले हे? विंचू-काटा निघन."

"निघाला तर त्याले सांग, म्हातारा आंधळा हाये, बाजूनं जाय."

बाबा स्वतःला आंधळा म्हणाले ते मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणताना ते हसत होते.

पंधरा दिवसांत भिंतीशी दगडांचा गुडघाभर ढीग झाला. गल्लीच्या टोकाला गायी बांधतात, तिथून मी दोन घमेली शेण आणलं. नवऱ्यानं शेवटी हात टेकले आणि ऑटोच्या टपावर टाकून बारा बांबू आणले, प्रत्येक डोक्यापेक्षा हातभर उंच.

ते बांबू बाबांनी कसे रोवले ते मी एका रविवारी बसून पाहिलं. आधी त्यांनी सुताची दोरी मागितली. धुण्याच्या दगडाजवळ एक खुंटी ठोकली, भिंतीत एक खिळा, आणि दोरी दोन्हींमध्ये कमरेच्या उंचीवर ताणून बांधली. बांधण्याआधी तिला बारा गाठी मारल्या होत्या, हाताच्या वितीनं मोजून. मग एका हातानं दोरी धरून ते चालायला लागले. गाठ लागली की थांबायचं, खाली बसायचं, पहारीनं खड्डा करायचा, बांबू उभा करायचा. खड्ड्यात वेचलेले दगड ठोकून बसवायचे. मग बांबूला तळहात लावून हलवून बघायचं. हलला तर पुन्हा काढायचा. पाचवा बांबू त्यांनी तीनदा काढला. मला तो सरळच दिसत होता.

"सरळ आहे बाबा."

"सरळ हाये, पण पक्का नाही."

वरच्या बाजूला बाराही बांबूंना धरून त्यांनी एक तार ओढली. ताणून झाल्यावर तिला बोटानं टिचकी मारली आणि मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा पक्कडीनं एक वेढा दिला, पुन्हा टिचकी. तिसऱ्या वेळी त्यांचा चेहरा निवला. नोकरीत ते असंच करत असतील. आपला सासरा कामावर कसा दिसत असेल हे मला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर, मागच्या दारी दिसलं.

बांबूंच्या मधल्या जागेत त्यांनी काही बारीक काड्याही खोचल्या होत्या, लहान वेलांच्या पहिल्या आधाराला. त्यांची टोकं कमरेएवढी उंच. वाकलं की डोळ्यात जातील अशी. मला भीती वाटायची, पण बोलायची हिंमत होत नव्हती. एके सकाळी बघते तर प्रत्येक काडीच्या टोकावर डोळ्याच्या थेंबांची एकेक रिकामी बाटली बसवलेली. वर्षभराच्या बाटल्या त्यांनी फेकल्याच नव्हत्या, एका डब्यात साठवल्या होत्या. बूड कापून टोप्यांसारख्या घातल्या. मुलगी ते बघून म्हणाली, "दादाजी, ये तो सबने टोपी पहन ली!" ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. बाबा तिला मराठीत उत्तर देतात. दोघांचं छान चालतं.

पावसाची दोन झोडपणी झाली, माती बसली, आणि बाबांनी प्रत्येक बांबूच्या बुडाशी दोन-दोन बिया टोचल्या. पाचव्या दिवशी ते ओळीनं हात फिरवत गेले आणि आत येऊन सांगितलं, "नऊ जागी निघाले. तीन जागी पुन्हा लावतो."

मी जाऊन मोजलं. नऊच होते.

आता माझी चूक सांगते. वेल वीत-दीड वीत वाढले होते, शेंडे हवेत डोलत होते, काठीला लागायचे होते. एका संध्याकाळी ऑफिसातून आले, बाबा आत रेडिओ ऐकत होते. मला वाटलं, तेवढीच मदत करावी. मी बाराही बांबूंजवळ गेले आणि प्रत्येक वेल काठीभोवती नीट गुंडाळून दिला, दोन-दोन वेढे. छान दिसत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी बाबा मागच्या दारून आत आले तेच विचारत. "वेलाले कोनं हात लावला?"

"मी लावला बाबा. का?"

"ये इकडे."

मी गेले. माझे सगळे वेढे सुटले होते. वेल काठ्यांपासून लोंबत होते. एक तर शेंड्याजवळ मुरगळून मलूल झाला होता.

"तू उलटे फिरवले," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. "वेल कोनत्या अंगानं फिरते, तुले मालूम हाये का?"

मी वनस्पतीशास्त्रात पदवी घेतली आहे. वेलाचा शेंडा आधार शोधत गोल फिरतो हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. पण बरबट्टी कुठल्या बाजूनं फिरते, हे मला माहीत नव्हतं. कधी बघितलंच नव्हतं.

"उजव्या हातानं काठी धर," बाबा म्हणाले. "मुठीत धर. अंगठा आभाळाकडे. आता बोटं जिकडून जिकडे वळली, तिकडूनच वेल वर जाते. हरेक वेल. एकही उलटा जात नाही. मी सगळे पाहून घेतले."

पाहून घेतले म्हणजे बोटांनी. मी काठी मुठीत धरली आणि डोळे मिटले. मिटल्यावर समजलं की काठी कुठे गुळगुळीत आहे, पेर कुठे आहे, वेलाचं देठ किती खरखरीत आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी एक वेल अगदी हलक्या हातानं काठीला टेकवला आणि सोडून दिला. गुंडाळला नाही. "फक्त भेट करून दे," ते म्हणाले होते. "बाकीचं तो करते." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेलानं स्वतःहून अर्धा वेढा घेतला होता. मुरगळलेला वेलही आठ दिवसांत सावरला.

तेव्हापासून मी रोज ऑफिसला जायच्या आधी दहा मिनिटं तिथे थांबायला लागले. पुष्कळ गोष्टी मला दिसायच्या आत त्यांना समजायच्या. एकदा म्हणाले, "सातव्या काठीवर मुंग्या चढून राहिल्या. खाली मावा असन, पाह्य बरं." मी पानं उलटली, तर कोवळ्या शेंड्याखाली काळ्या माव्याची दाट रांग होती. मुंग्या त्यांच्या बोटावरून चालत गेल्या होत्या आणि बोट चिकट लागलं होतं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. साबणाच्या पाण्यानं आम्ही तो धुऊन काढला, आणि चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ सातव्या काठीपाशी जाऊन बोटं चोळून बघत राहिले.

फुलं आली तेव्हा मात्र त्यांनी मला रंग विचारला. "जांभळट आहेत बाबा. मध्ये थोडी पांढरी." "आनि सकाळीच उघडतात ना? दुपारी हात लावला तर मिटली होती." मला तेही माहीत नव्हतं. दुपारी मी कधी घरीच नसायची.

पहिल्या शेंगा लोंबायला लागल्या आणि त्याच आठवड्यात झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही. जमीन लोण्यासारखी मऊ झाली, आणि तिसऱ्या दुपारी वारा सुटला. मी ऑफिसातून भिजत घरी आले तेव्हा बाबा मागच्या दारात उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत ओले. सगळी ओळ आडवी झाली होती. बाराही बांबू एका तारेनं बांधलेले, त्यामुळे एकामागोमाग एक नाही, सगळे एकदम कलंडून चिखलात पडले होते. वेल, पानं, शेंगा, तार, सगळा एकच गुंता.

नवरा आला, त्यानं बघितलं आणि हळूच म्हणाला, "जाऊ द्या बाबा. पुढच्या वर्षी पाहू."

 बाबांनी खाली बसून प्रत्येक बुडाशी हात घातला, बाराही ठिकाणी. उठले तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता.

"काठ्या पडल्या. मुळं जाग्यावर हायेत."

"पण बाबा, उचलायचे कसे? सगळे तुटतील."

"एकेक उचलला तर तुटन. सगळे संगं उचलाचे."

पाऊस उघडल्यावर आम्ही चौघांनी ते केलं. मुलगी धुण्याच्या दगडाकडे, मी मध्ये, नवरा भिंतीकडे. बाबा माझ्या शेजारी, एक हात वरच्या तारेवर. त्यांनी आम्हाला बजावलं की ओढायचं नाही, मी म्हणेन तेवढंच वर करायचं. "उचला... थांबा. तिसऱ्या काठीचा वेल ताणून राहिला. पोट्टे, तुझ्याकडलं जरा खाली घे." मुलीनं घेतलं. "आता उचला." तारेतून त्यांना सगळं कळत होतं, कुठे अडलं, कुठे ओढ बसली. अर्धा तास लागला असेल. हात भरून आले, पण ओळ उभी राहिली. दोन वेल तुटले. एकाचं देठ चिरलं होतं, त्यावर बाबांनी जुन्या धोतराची पट्टी ओली करून गुंडाळली. बांबू दोरीनं खिडकीच्या गजांना बांधले. तरी ओळ एका अंगावर झुकलेलीच होती.

सकाळी भाजीवाली दीदी आली. बाबांनी तिला आत मागच्या दारी नेलं. तिनं कमरेवर हात ठेवून सगळं न्याहाळलं.

"ए बांस चिक्कन हे बाबूजी. नार धरही कइसे? अउ हवा मा जम्मो एके संग गिरही. ढेंखरा गाड़व."

तिचं म्हणणं असं की बांबू गुळगुळीत, वेलाला पकड मिळत नाही, आणि वाऱ्यात सगळे एकदम जातात. ढेंखरा म्हणजे वेल चढवायला रोवलेली झाडाची वाळलेली फांदी, बारीक फाटे तसेच ठेवलेली. तिच्या बारीत, म्हणजे परसातल्या भाजीच्या वाडीत, सगळे वेल ढेंखऱ्यावरच चढतात, असं ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, "मले तिची बारी पाहाची हाये."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. वर्षाहून जास्त काळ ज्या माणसानं पुढचं दार ओलांडलं नव्हतं, तो नदीपलीकडच्या गावाला जायचं म्हणत होता.

"रविवारी जाऊ," मी म्हणाले. "माझ्या स्कूटीवर."

"हव," बाबा म्हणाले.

सासऱ्यांना स्कूटीवर मागे बसवून नेण्याची माझीही पहिलीच वेळ. ते मागचा दांडा धरून ताठ बसले होते. पुरानी बस्तीतून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक हॉर्नला त्यांचं अंग आक्रसत होतं, मला ते सीटवरून जाणवायचं. मी हळू चालवत होते आणि सांगत होते, आता डावीकडे ट्रक आहे, आता मोकळं आहे. थोड्या वेळानं ते म्हणाले, "सांगू नको बाई, चालव तू." पुढे पुलावर गार वारा लागला तसे म्हणाले, "नदी आली."

दीदीची बारी तिच्या घरामागेच होती, आमच्या जागेच्या दहापट. सेमी, म्हणजे आपला वाल, आणि बरबट्टी ओळीनं लावलेली. प्रत्येक वेलाला बाभळीची नाहीतर बोरीची वाळकी फांदी, मधूनमधून तुरीच्या काड्या. झडीत तिथलीही एकदोन ढेंखरं पडली होती, पण ती एकएकटीच पडली होती. शेजारची उभी होती.

"धर के देखव बाबूजी, कांटा हे फेर," ती म्हणाली.

बाबांनी काट्यांची पर्वा केली नाही. पहिल्या ओळीपासून हात लावत निघाले. किती खोल रोवता, फांदी कधी तोडता, ओली रोवली तर चालते का, दोन वर्षं टिकते का. ती उत्तरं देत होती, छत्तीसगढीत. ते विचारत होते, त्यांच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत. मी मागे चालत होते. त्यांना इतकं बोलताना मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

ओळ संपली तिथे कुंदरूचा, म्हणजे तोंडलीचा मांडव होता. चार खांब आणि वर तारा. बाबांचं डोकं तारेला लागलं. त्यांनी हात वर करून ती धरली, दाबली, आणि थांबले.

"ये तो पूरा झूल गया है."

"हव, हर साल झूल जाथे," दीदी म्हणाली. "का करबो."

बाबांनी एक वीतभर काठी मागितली. तारेच्या दोन पदरांमध्ये ती घालून पीळ द्यायला सुरुवात केली. एकेक पीळ, मध्ये थांबून टिचकी. मग काठी फिरू नये म्हणून तारेलाच अडकवून बांधली. पुढची तार, मग त्याच्या पुढची. तासभर ते हात वर करून उभे होते. मी दोनदा म्हटलं की बसा जरा, ते ऐकू आलं नसल्यासारखं करत राहिले. खाली लोंबलेला सगळा मांडव हळूहळू डोक्याच्या वर गेला. दीदी त्याच्याखालून न वाकता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. मग तिनं घरातल्यांना हाका मारल्या आणि सगळ्यांना खालून चालायला लावलं.

"देखव तो! बाबूजी बिन देखे जान डारिन!"

बाबूजींनी न बघताच ओळखलं, असं ती सगळ्यांना सांगत होती. बाबांच्या मनगटावर काट्यानं ओरखडा पडून रक्त आलं होतं, ते धोतराला पुसत होते. मला मात्र तिथे उभ्याउभ्या रडू आलं, आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी विहिरीकडे जाऊन तोंड धुतलं.

ढेंखरं सोमवारी दीदीच्या गावाहून येणाऱ्या भाजीच्या गाडीवरून आली. बाबांनी ती बांबूंच्या मधोमध रोवली आणि वरची तार काढून टाकली. झुकलेले वेल आठवड्याभरात फाट्यांना धरून उभे राहिले. मग शेंगा लागल्या त्या दिवाळी होऊन गेली तरी लागत राहिल्या. रोज सकाळी बाबा तोडायचे. शेंग दोन बोटांत धरून बोटं वरून खाली फिरवायची, आतल्या दाण्याचा उंचवटा लागला तर ती जून, ती बियाण्याला ठेवायची. नाही लागला तर टोपलीत. त्यांच्या टोपलीत जून शेंग कधीच निघाली नाही. मी तोडल्या की दोन-चार निघायच्याच. आलू घालून, लसूण-मिरचीवर, कधी नुसत्या मिठावर, आम्ही खाऊन खाऊन कंटाळलो. शेजारी वाटल्या. शहरातच पंडरीत राहणारी माझी बहीण पिशवी भरून घेऊन जायची.

त्या हिवाळ्यात डाव्या डोळ्यातला उजेडही गेला. ते त्यांनी मला एका सकाळी थेंब घालताना सांगितलं. "बाई, खिडकी उघडी हाये का?" मी म्हटलं, उघडी आहे, ऊन आत आलंय. "मंग गेली," म्हणाले.  माझा हात त्यांच्या कपाळावर होता, तो मी काढला नाही. त्या दिवशी त्यांनी रेडिओ लावला नाही, जेवलेही थोडंच. पुढचे काही महिने कठीण गेले, ते मी लपवत नाही. पण पुढच्या जूनमध्ये त्यांनी दोरी मागितली.

याला आता चार वर्षं होतील. दर पावसाळ्यात बरबट्टी असते, एका कडेला वालही असतो. कुंदरूच्या ताराही दर वर्षी सैल पडतात आणि दीदी निरोप घेऊन येते. आधी मीच त्यांना न्यायची. यंदा निरोप आला तो दिवस रविवार नव्हता, मला सुट्टी नव्हती. मी म्हटलं, थांबा चार दिवस, मी नेते. बाबांनी पायात चपला घातल्या.

"तिच्या संगं ऑटोनं जातो. ती आनून सोडन."

"बाबा, एकटे?"

"एकटा कुठं? ती हाये ना."

दीदीनं रिकामी टोपली काखेत घेतली, दुसरा हात पुढे केला, आणि त्यांनी तिच्या कोपराला धरलं. दोघं गल्लीतून चौकाकडे गेले. त्या दिवशी ऑफिसात माझं एका कामावरही लक्ष लागलं नाही. संध्याकाळी घरी आले तर ते अजून यायचे होते. अंधार पडायच्या जरा आधी दारात ऑटो थांबला. बाबा उतरले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, हातात कुंदरूची पिशवी.

"पाच तारा केल्या," ते म्हणाले. "भूक लागली बाई, काय हाये जेवाले?"